पाच फायली, एक कपाट

स्वतंत्रपणे फिल्म करणाऱ्या माणसाला कुणीही भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सध्या काय चाललंय?" नोकरदाराला या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, दुकानदारालाही सोपे आहे. आम्ही म्हणतो, "पाच कामं चालू आहेत." ऐकणाऱ्याचा चेहरा जरा उजळतो. "मग कधी बघायला मिळणार?" असे तो विचारतो आणि आम्ही घुटमळलो की त्याला कळून चुकते, की पाच चालू म्हणजे पुरे एकही नाही. नातेवाईक मंडळी तर आणखी स्पष्ट बोलतात. एखादी खाला म्हणते, पाच मुलींची स्थळं बघायची आणि एकीचाही निकाह लावायचा नाही, असं तुमचं चाललंय.

तर या पाच फायलींबद्दल सविस्तर लिहावे असे वाटले. फिल्म पूर्ण झाली की तिच्याबद्दल चार लोक लिहितात. ती होण्याआधीच्या वर्षांत काय होत असते हे सहसा कुणी लिहीत नाही, आणि आमचे बहुतेक आयुष्य त्याच वर्षांत गेले आहे.

आम्ही तिघे आहोत. एक कॅमेरा सांभाळतो, एक लिहिते आणि संकलन करते, एक आवाजाचे काम बघतो. पोट भरते ते लग्नाच्या व्हिडिओंवर, शाळा-कॉलेजांच्या स्नेहसंमेलनांवर आणि अधूनमधून एखाद्या संस्थेच्या माहितीपटावर. पुण्यात कोंढव्याला एका खोलीत आमचा संसार आहे: दोन संगणक, हार्ड डिस्कचा डबा आणि एक लोखंडी कपाट. फायली त्या कपाटात असतात, पुठ्ठ्याच्या, नाडीने बांधलेल्या. लग्नसराई चांगली गेली की उरलेले पैसे त्यांतल्या कुठल्या तरी फायलीवर खर्च होतात.

धंद्यात या अवस्थेला 'डेव्हलपमेंट' म्हणतात. मराठीत विकास म्हटले की धरण आणि रस्ता डोळ्यांपुढे येतो, म्हणून आम्ही आपले 'होऊ घातलेली फिल्म' म्हणतो. या होऊ घातलेपणात पुष्कळ कामे असतात. विषयाचा माग काढायचा, माणसांना भेटायचे, त्यांची परवानगी मिळवायची, जुनी गाणी-छायाचित्रे कुणाच्या मालकीची आहेत ते शोधायचे, थोडे चित्रण करून तीन-चार मिनिटांचा नमुना बांधायचा, अंदाजपत्रक लिहायचे. मग तो सारा बाडबिस्तरा घेऊन पैसे देणाऱ्यांसमोर उभे राहायचे. गोव्यात २००७ पासून एनएफडीसीचा फिल्म बाजार भरत आला आहे. कोलकात्यातही माहितीपटवाल्यांसाठी असा मंच आहे. अशा ठिकाणी सात-आठ मिनिटांत आपली फिल्म सांगावी लागते. वर्षानुवर्षांचे काम सात मिनिटांत! बाजार हे नाव अगदी योग्य आहे. तिथे माल दाखवावा लागतो.

आता एकेक फाईल उघडू.

पहिली मिरजेची. मिरजेचे सतारमेकर महाराष्ट्राला ठाऊक आहेत. मुळात शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारी ही घराणी. हत्यारांचे दिवस गेले आणि एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातल्या कारागिरांचा हात तंतुवाद्यांकडे वळला. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, त्यामुळे गाणारे आणि वाद्य करणारे एकाच गावात आले. आम्हाला फिल्म करायची आहे ती एका तानपुऱ्याच्या जन्माची. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतातला भोपळा वेलावरच वाळू द्यावा लागतो. मग तो कापायचा, भिजवून आकार द्यायचा, लाकडाची दांडी जोडायची, आणि शेवटी घोडीवर जवारी काढायची. जवारी म्हणजे घोडीचा पृष्ठभाग कानसेने इतका बारीक घासायचा, की तार तिला हलकेच चाटत राहील आणि एका सुरातून अनेक सूर उमलतील. हे काम डोळ्यांपेक्षा कानांनी होते.

ही फाईल भोपळ्यासाठी थांबली आहे. बियाणे पेरण्यापासून वाद्याच्या पहिल्या झंकारापर्यंत एक वर्षाहून अधिक काळ जातो आणि त्यात चित्रणाचे दिवस असतात जेमतेम बारा. अनुदान देणारे म्हणतात, ३१ मार्चच्या आत हिशेब द्या. भोपळ्याला आर्थिक वर्ष ठाऊक नाही. एका वर्षी आम्ही पेरणी टिपली आणि पुढे पावसाने वेलच गेले. त्या चार दिवसांचे चित्रण तेवढे डिस्कवर आहे. दरम्यान फोनमधला तानपुरा सगळ्यांच्या खिशात आला. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते चांगलेच झाले. पण ज्यांच्या कानांवर हे सारे उभे आहे ते म्हातारे कान किती वर्षे टिकतील हे कोणत्याही मानांकनात लिहिलेले नसते.

दुसरी फाईल शाहीर अमर शेख यांची. बार्शीत १९१६ साली जन्मलेले मेहबूब हुसेन पटेल. अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मैदाने गाजवली, 'प्रपंच' या १९६१ च्या चित्रपटात कामही केले. १९६९ साली अपघातात गेले. अण्णा भाऊही त्याच वर्षी गेले.

इथे अडचण कायद्याची आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या लेखनाचा हक्क राहतो, आणि ही वर्षे मृत्यूच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजतात. म्हणजे शाहिरांची स्वतःची कवने २०३० उजाडले की खुली होतील. पण त्यांनी इतरांचीही गीते गायली, त्यांचा हिशेब वेगळा. ध्वनिमुद्रिकेचा हक्क आणखी वेगळा, तो प्रकाशनापासून मोजायचा. एका गाण्यासाठी तीन दारे ठोठवावी लागतात आणि तिसऱ्या दारामागे कोण राहते तेच कळत नाही. २०३० पर्यंत थांबावे, असा सल्ला आम्हाला दिला जातो. पण १ मे १९६० ला वीस वर्षांचा असलेला माणूस आज पंच्याऐंशीच्या पुढे गेला आहे. ज्याने तो आवाज ध्वनिवर्धकाविना ऐकला, त्याची साक्ष मोकळ्या झालेल्या हक्कांत मिळत नाही. म्हणून गाणी राहू देत, आधी ऐकणारे टिपू, असे ठरवून आम्ही सोलापूर-बार्शीकडे जात असतो. आजवर अकरा जणांशी बोललो. त्यांतले चार आता नाहीत.

तिसरी फाईल पाण्याची. मलिक अंबर हा हबशी गुलाम म्हणून विकला गेला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवले. तेच पुढे औरंगाबाद झाले आणि २०२३ पासून त्याचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे. या कोरड्या गावाला त्याने जमिनीखालच्या नहरीने पाणी आणले. उतार असा साधला की ना मोट लागावी, ना रहाट. अंबरवर फिल्म म्हटली की समोरचा माणूस विचारतो, लढाया किती? मोगलांशी गनिमी काव्याने लढलेला सेनापती, त्यामुळे लढाया पुष्कळ. पण आम्हाला करायची आहे ती उताराची गोष्ट. नहरीवर घरे आली, रस्ते आले, कुठे बंब उभा आहे, कुठे तो कुणाच्या परसात गेला आहे. खाली उतरायला परवाने लागतात आणि ते एका कचेरीत मिळत नाहीत. ही फाईल सर्वांत जाड आहे. तिच्यात आमच्या लिखाणापेक्षा अर्जांच्या पोचपावत्या जास्त आहेत.

चौथी फाईल विनोदी आहे. होय, विनोदी. एक भटारी आणि एका दिवसात त्याने घेतलेली दोन लग्ने. देगी एका मंडपाच्या, तांदूळ दुसऱ्या मंडपाचा, आणि मधे बंद पडलेला टेम्पो. मुस्लिम घरातली, मराठी-दखनी बोलणारी माणसे दोन तास एकमेकांवर रागावतात, रुसतात आणि शेवटी जेवतात. पटकथा चार वेळा लिहून झाली. ज्यांना ऐकवली ते हसले. हसून झाल्यावर एकाने विचारले, "पण यात प्रश्न कुठला आहे?" आम्ही म्हणालो, बिर्याणी वेळेवर पोचेल की नाही, हा. त्यांना तो प्रश्न पुरेसा वाटला नाही. तलाक, दंगल, बुरखा यांपैकी काही येईल का, असे त्यांनी विचारले. त्यांच्या स्वरात वाईट हेतू नव्हता. त्यांच्या यादीत आमच्यासाठी जो रकाना होता, तो ते भरत होते.

या संदर्भात मालेगावची आठवण होते. यंत्रमागांच्या त्या गावात शुक्रवार सुट्टीचा, म्हणजे सिनेमाचा. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' केला, गावातलीच माणसे घेऊन, गावच्या थट्टेतून. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' झाला. तो होत असताना फैजा अहमद खान यांनी त्यावर २००८ मध्ये माहितीपट केला, आणि २०२४ साली रीमा कागती यांनी त्याच कहाणीवर मोठा चित्रपट काढला. पण पहिली पायरी काय होती? मागावर राबणाऱ्या माणसाने स्वतःच्या पैशाने स्वतःला हसवणे. त्यासाठी त्याने कुणाच्या रकान्याची वाट पाहिली नाही.

पैशांचे म्हणाल तर त्याला जुना इतिहास आहे. सथ्यूंचा 'गर्म हवा' सरकारी फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या अडीच लाखांच्या कर्जावर उभा राहिला. चित्रण करताना आवाज घेण्याची सामग्री परवडली नाही, म्हणून सगळे संवाद नंतर भरले. बलराज साहनी आपले संवाद भरून होताच, एप्रिल १९७३ मध्ये गेले. थोडा उशीर झाला असता तर सलीम मिर्झाला आपण परक्या आवाजात ऐकले असते. 'मंथन'साठी १९७६ मध्ये गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. अशी उदाहरणे आठवली की हुरूप येतो. मात्र पाच लाख माणसे एका दिवसात जमत नाहीत, त्यामागे दूध संघाची वर्षांची बांधणी होती, हेही लक्षात ठेवावे लागते.

आता पाचवी फाईल. ती वजनाने सर्वांत हलकी आहे आणि सर्वांत अवघडही.

कोकणातल्या आपल्या गावांतून माणसे आखातात गेली, ती सत्तरीच्या दशकापासून मोठ्या संख्येने. मनीऑर्डरवर कोकण जगते असे म्हणत, त्यात मुंबईच्या गिरण्यांइतकाच पुढे कुवेत-दुबईचा वाटा आला. पैसे आले, पत्रेही आली. पण पत्र वाचता येणाऱ्या बायका घरोघरी नव्हत्या. पोस्टमन वाचून दाखवी, नाही तर शेजारचा शाळकरी मुलगा. अशा पत्रात नवरा काय लिहिणार? सलाम, तब्येत, पैशांचा हिशेब. मग टेपरेकॉर्डर आला. गावचा कुणी सुट्टीवर निघाला की त्याच्या बॅगेत कॅसेट देता येऊ लागली. साठ मिनिटांची, एका बाजूला तीस. नवरा-बायकोच्या मधला तिसरा माणूस गेला.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका घरी अशा ४१ कॅसेट आहेत. १९७९ ते १९९० या काळातल्या, कुवेतहून आलेल्या. घरधनी आता हयात नाहीत. त्यांच्या पत्नीला आम्ही खालाच म्हणतो. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई, अजून विहिरीचे पाणी स्वतः ओढते. कॅसेट तिने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, तांदळात पुरून ठेवल्या होत्या, ओल लागू नये म्हणून. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतमध्ये सैन्य घुसवले. लाखाहून जास्त भारतीय विमानांनी परत आणले गेले, त्यांत खालांचे शौहर होते. अंगावरच्या कपड्यांनिशी आले. खोलीवर राहिलेल्या सामानात खालांनी पाठवलेल्या कॅसेटही होत्या. त्या गेल्या त्या गेल्याच. म्हणजे अकरा वर्षांच्या संभाषणाची एकच बाजू उरली आहे. तो विचारतो, ती काय म्हणाली ते नाही. तो चिडतो, ती कशावरून ते नाही. एका कॅसेटमध्ये तो बराच वेळ हसतो, आणि कशाला हसतो ते जगात एकाच माणसाला ठाऊक आहे.

या फाईलला पैसे मिळत होते. नमुना बघून एका ठिकाणी लगेच होकार आला, साडेतीन लाखांचा. अट एवढीच, की सगळ्या कॅसेटच्या वापराची लेखी संमती दोन महिन्यांत हवी. नातवाने कागद वाचला आणि सही करायला पेन काढले. खालांनी ते पेन बाजूला ठेवले. त्यांचे म्हणणे असे, की तीन कॅसेट घरच्या आहेत. त्यांत भांडण आहे, एका कर्जाची गोष्ट आहे, आणि एक गोष्ट आहे जी त्यांनी मुलांनाही सांगितलेली नाही. बाकीच्या घ्या, पण त्या तीन नाहीत. पैसे देणाऱ्यांना नेमकी भांडणाची कॅसेट हवी होती. नमुन्यात तिचा उल्लेख होता आणि त्यांच्या मते फिल्मचा प्राण तिथेच होता.

आमच्यात यावर चार दिवस वाद झाला. आवाज बघणाऱ्याचे म्हणणे, उरलेल्या ३८ मध्येही फिल्म आहे. कॅमेरावाल्याचे म्हणणे, साडेतीन लाख गेले तर पुढच्या दोन लग्नसराया त्यातच जातील. दोघांचेही खरे होते. शेवटी ज्या गोष्टीने निकाल लागला ती साधी होती. पत्र वाचणारा तिसरा माणूस टाळण्यासाठीच या कॅसेट भरल्या गेल्या होत्या. तिच्या संमतीशिवाय आम्ही त्या वाजवल्या असत्या तर आम्ही तोच तिसरा माणूस झालो असतो, आणि आमच्यामागे सगळे थिएटर उभे राहिले असते. आम्ही नाही कळवले. पैसे आले नाहीत.

त्यानंतर खालांनी आपणहून एक गोष्ट सुचवली. त्या म्हणाल्या, "त्यांचं सगळं ऐकलंत. माझे जबाब तेवढे राहिले. ते आता भरून घ्या." तेव्हापासून काम असे चालते. आम्ही जातो, एक कॅसेट लावतो, ती संपेपर्यंत कुणी बोलत नाही. मग खाला त्या वर्षात जातात आणि नवऱ्याला उत्तर देतात. त्या आमच्याकडे पाहत नाहीत, टेपरेकॉर्डरकडे पाहून बोलतात. कधी उत्तर दोन मिनिटांचे असते, कधी चाळीस. एका भेटीत एकच जबाब होतो, त्याहून जास्त त्यांना सोसवत नाही. आजवर सात झाले. ३८ पुरे व्हायला आमच्या हिशेबाने अजून चार-पाच वर्षे हवीत. त्या हिशेबात त्यांचे वय धरलेले नाही.

लोक विचारतात, मिरजेचा भोपळा, शाहीर, नहर, भटारी आणि कुवेतची कॅसेट, यांत एक धागा कुठला? पैसे देणाऱ्यांना धागा लागतो. आम्ही हे विषय धागा शोधून घेतलेले नाहीत. आपल्या घरांत आणि गावांत जे दिसले ते घेतले, आणि तिथे वाद्य, गाणे, पाणी, हसू, नवरा-बायकोचे बोलणे असे सगळेच आहे. एकाच दुःखाची फिल्म करावी इतके आपले जगणे अरुंद नाही. प्रत्येक फाईल वेगळ्या कारणाने थांबली आहे. एक पिकासाठी, एक कायद्यासाठी, एक परवान्यासाठी, एक कुणाच्या तरी हसण्यावर विश्वास बसण्यासाठी, आणि एक एका बाईच्या सवडीसाठी.

त्यांतला क्रम मात्र आता आम्ही बदलला आहे. आधी ज्या फाईलला पैसे मिळण्याची शक्यता जास्त ती वर असे. आता ज्या फाईलमधली माणसे आधी जातील ती वर. नहर चारशे वर्षे थांबली आहे, आणखी दोन थांबेल. भटारीचा टेम्पो कधीही बंद पडू शकतो. खालांचे जबाब आणि बार्शीकडचे ऐकणारे हे वर आले आहेत, मिरजेचे कान त्यांच्या मागोमाग. त्यांची फिल्म होईल की नाही ते पुढे बघू. आवाज तरी भरून ठेवलेला असेल, आणि त्याची एक प्रत ज्याच्या त्याच्या घरी असेल, हे आम्ही नक्की केले आहे.

वाचकांपैकी कित्येकांच्या घरी, विशेषतः कोकणात, अशा कॅसेट पेटीत पडून असतील. त्या फेकू नका. पांढरी बुरशी दिसली तर चालू यंत्रात घालून बघू नका, बुरशी फीत आणि यंत्र दोन्ही बिघडवते. नव्वद मिनिटांहून मोठ्या कॅसेटची फीत फार पातळ असते, ती भराभर पुढे-मागे पळवू नका. कवच फुटले असेल तरी हरकत नाही, बारीक स्क्रूची दुसरी कॅसेट उघडून तिच्यात फीत बसवता येते. साठ मिनिटांची कॅसेट संगणकात उतरवायला साठ मिनिटेच लागतात, त्याला जवळचा रस्ता नाही. दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. आणि उतरवायला कुणा जाणकाराकडे द्याल, तेव्हा ज्या बाईच्या नावे ती कॅसेट आली होती तिला आधी विचारा.